बेबीताईंची पहिली काच

बेबीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दवाखान्याच्या बाहेरच्या नळाखाली ओंजळ धरून पाणी चाखत होत्या. पीत नव्हत्या, चाखत होत्या. एक घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, बाजूच्या अळवात चूळ टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज टँकर हाय."

मला वाटलं, पाण्याची तक्रार करतायत. शेजारधर्म म्हणून मी म्हणालो, "आमच्याकडे खांदेश्वरलापण आठवड्यातून दोनदा येतो." यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं पाहण्याची त्यांना पुढे चार महिने वरचेवर गरज पडली.

कोपरखैरण्यात बोनकोडे गावठाणाला खेटून तो जुना धर्मादाय दवाखाना आहे. वर डॉक्टर, खाली प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, एक मायक्रोस्कोप आणि बेबीताई म्हात्रे. नाव खरोखर बेबीच. शाळेच्या दाखल्यात बेबी, नेमणूकपत्रात कुमारी बेबी, आणि आता निवृत्तीच्या पत्रात श्रीमती बेबी. "आईला मुलगी झाल्याचा एवढा आनंद झाला की नाव ठेवायचं राहूनच गेलं," असं त्या सांगत. खरं म्हणजे त्यांच्या आधीच्या तिघी बहिणींची नावं ठेवून आई दमली होती, हेही त्याच सांगत.

काम एकच. तापाचा माणूस आला की त्याच्या रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंग घालायचा, धुवायचा आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचा जंतू शोधायचा. तीस वर्षं हेच. काचेच्या पट्टीला जग स्लाइड म्हणतं, बेबीताई 'काच' म्हणत. मीही तेव्हापासून काचच म्हणतो.

रक्त मला बघवत नाही. हे मी कंपनीत सांगितलं नव्हतं. आमची कंपनी म्हणजे महाप्याच्या एका इमारतीत पाच खुर्च्या आणि एक एसी. त्यातल्या एका खुर्चीवर मी, आणि माझ्या ताब्यात एक तयार मॉडेल, म्हणजे फोटो बघून ओळखणारा संगणकाचा प्रोग्राम. परदेशातल्या प्रयोगशाळांतल्या हजारो फोटोंवर शिकलेलं. तिथे तज्ज्ञांनी प्रत्येक फोटोखाली 'जंतू आहे', 'जंतू नाही' असं लिहून दिलेलं. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडायचा, मॉडेल फोटो बघणार, मॉडेल सांगणार. मी डॉक्टरांना म्हणालो होतो, "सर, दोन आठवडे."

डॉक्टर म्हणाले, "दोन नको, चार महिने घ्या. म्हात्रेबाई चार महिन्यांनी निवृत्त होतायत. स्नेहल नावाची नवीन मुलगी येणार आहे, ती रंग घालायला शिकेल. पण नजर तयार व्हायला वर्षं लागतात. तोवर तुमचं यंत्र उभं राहिलं तर ठीक. नाहीतर हा ओटा बंद. रक्त मोठ्या लॅबला जाईल, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येईल."

"झटपट तपासणीचं कार्ड असतं ना?" मी म्हणालो. मला सगळं माहीत असे.

"असतं की," खालून जिन्यापाशी आलेल्या बेबीताई म्हणाल्या. "पावसात, गर्दी झाली की नेमकं संपतं. आनि कार्ड सांगतं, हाय का नाय. किती हाय, कुठपर्यंत पोचलाय, ते कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट हा त्यांचा दुखरा विषय होता. दवाखान्यात शिपाई होता, वरखाली बोलायला फोन होता; पण जंतू सापडलेला कागद त्या स्वतः जिना चढून डॉक्टरांच्या हातात देत. गुडघे दुखत, तरी. मी एकदा म्हणालो, "फोन करा की." तर म्हणाल्या, "फोनवर डॉक्टर 'बरं' बोलतात आनि समोरच्या पेशंटशी बोलत बसतात. मी समोर उबी राहिले की 'बरं' बोलून भागत नाय. ताप संध्याकाळी चडतो. कागद दुपारी पोचला पायजे." ओटा राहिला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्या जागी माणूस बसतो की यंत्र, याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मी मात्र त्यांची नोकरी घ्यायला आलोय अशा थाटात पहिला आठवडा त्यांची समजूत काढत होतो. शेवटी त्यांनीच माझी काढली. "इंजिनेर, मी घरी जानार हाय. तू जागा घेतलीस तरी जानार, नाय घेतलीस तरी जानार. काम कर."

पहिल्या दिवशी मॉडेलने चाळीस काचा पाहिल्या आणि चाळीसही जणांना मलेरिया दिला. त्यात एक काच दवाखान्याच्या शिपायाची होती. तो तेव्हा बाहेर वडापाव खात होता.

बेबीताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय दाखवतो हा?"

"जंतू. नव्वद टक्के खात्री आहे त्याला."

"आनि दहा टक्के कोनाच्या घरी ठेवनार?" मग मायक्रोस्कोपमध्ये डोकावून म्हणाल्या, "ही रंगाची खर हाय रे. रंग नीट धुतला नाय की बसते. आज टँकरचं पानी. जड. काच निळी पडते. तुज्या त्या परदेशात पानी एकसारखं आसल. त्याने निळी काच कवा बगितलीच नसंल, तर त्याने तरी काय करावं?"

आता सांगतो ते लाजिरवाणं आहे. आमच्या धंद्यात याला मोठं नाव आहे, त्यावर परिषदा भरतात. एका ठिकाणी शिकलेलं मॉडेल दुसऱ्या ठिकाणी नेलं की रंग, उजेड, भिंगं बदलतात आणि त्याची अक्कल जाते, हे मी स्वतः दोनदा व्याख्यानात सांगितलं होतं. स्लाइड शोसकट. पण नळाचं पाणी तोंडात घेऊन कुणी ते मला सांगेल, अशी तयारी नव्हती.

इलाज असा, की मॉडेलला इथल्या काचा दाखवायच्या. काचांना तोटा नव्हता. बेबीताईंनी तीस वर्षांत एकही टाकली नव्हती. माळ्यावर लाकडी पेट्या, आत खाचा, खाचेत काचा, झाकणावर लाल नेलपॉलिशने वर्ष. पण कुठल्या काचेत काय निघालं ते लिहिलेल्या वह्या खालच्या कपाटात होत्या आणि एका पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरून त्यांचा लगदा झाला होता. म्हणजे हजारो काचा, प्रत्येकीवर हिऱ्याच्या पेन्सिलीने कोरलेला नंबर, आणि त्या नंबराचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. उत्तरं फाटलेलं गाईड.

"तुम्ही बसून सांगाल का एकेक?" मी विचारलं.

"आजचं बगू का तीस वर्षांचं?" त्यांनी विचारलं. बरोबर होतं. दुपारनंतर त्यांचे डोळे चुरचुरत. संशयाच्या काचा त्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात बाजूला ठेवत आणि चहानंतर पुन्हा बघत. "बगून झालं? मग परत बग," हे त्या स्वतःलाच म्हणत, मोठ्याने.

मग मी एक हुशारी केली. जुन्या काचांचे फोटो काढले आणि मॉडेललाच म्हटलं, उत्तरं तूच लिही. ज्यांच्याबद्दल तुझी खात्री आहे ती खरी मान आणि त्यावरून शीक. ही पद्धत खरी आहे हो, मी शोधलेली नाही. पण ती ज्याला थोडंफार येतं त्याच्यासाठी आहे. आमचं मॉडेल रंगाच्या खरीला जंतू समजत होतं. ते स्वतःच्याच चुका गिरवत बसलं आणि आठवड्याभरात नव्वदचे नव्व्याण्णव टक्के झाले. मी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते.

बेबीताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पेपर त्यानेच लिवला, त्यानेच तपासला, आनि पहिला नंबर आला?"

"तसं... हो."

"आमच्या बोनकोड्यात आसा एक शिक्षक होता," एवढंच म्हणून त्या काचा धुवायला लागल्या. त्या शिक्षकाचं पुढे काय झालं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पेट्या आवरताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक दिवसाच्या काचांत पहिली काच बिननंबरी आहे. तिच्यावर काही कोरलेलंच नाही. चार-पाच भिंगाखाली धरल्या, मला त्यांत काही दिसलं नाही. म्हटलं, हा कचरा. रंग जमतोय का बघायला वापरलेल्या काचा असतील. नोंद नाही, नंबर नाही, जंतू नाही. दोन पेट्यांतल्या अशा सगळ्या काचा मी वेचल्या आणि ओट्याखालच्या निळ्या डब्यात टाकल्या. काचेच्या कचऱ्याची गाडी त्याच सकाळी यायची होती. ती आली आणि गेली. माझ्या आयुष्यात सरकारी किंवा खाजगी कुठलीच गाडी त्याआधी वेळेवर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच लवकर पोचलो. बेबीताई पाणी चाखून आत आल्या, नवीन सुई फोडली, आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात टोचली. मी खुर्चीची पाठ धरली. त्यांनी थेंब काचेवर घेतला, पसरला, अंगठ्याने कापूस बोटावर दाबून धरला आणि काच ट्रेच्या पहिल्या खाचेत ठेवली. बिननंबरी.

"हे काय?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"माजं रक्त. रोज पहिली काच माजी. मना ताप नाय, मना ठावं हाय मी कशी दिसते. आज रंग कसा बसलाय, पानी कसं हाय, ते माज्यावर कळतं. मग लोकांच्या बगायच्या. मी निळी तर सगळे निळे. मी गुलाबी तर सगळे गुलाबी."

"तीस वर्षं?"

"रजा सोडून." त्यांनी बोट पुढे केलं. टोक घट्ट झालं होतं, सतारवाल्यांचं होतं तसं. "सुईला पन आता जागा शोधावी लागते."

मी निळ्या डब्याकडे पाहिलं. मग सांगितलं. लांबवून, अडखळत, मध्येच मॉडेलला दोष देत. त्या कापूस दाबून उभ्या होत्या. ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठल्या पेट्या?"

मी झाकणांवरची वर्षं सांगितली.

"एक तर बाबा गेले ते वरीस," त्या म्हणाल्या. "दहाव्याला पन मी आलेले कामाला. बाराव्याला पन आले, दुपारी. पहिली काच तेवडी करून गेले." मग कापूस टाकला, हात धुतले. "जाऊ दे. माजंच रक्त होतं. उरलेल्या पेट्यांना हात लावशील तर मना विचारून."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पश्चात्तापाने म्हणेन, पण रक्त पाहिलं होतं हेही एक कारण.

पण आता काम सरळ झालं. नोंदी नसलेल्या त्या ढिगाऱ्यात रोजची एक काच अशी होती की जिचं उत्तर ठाऊक होतं. तीच बाई, तेच निरोगी रक्त, आणि भोवती तीस वर्षांचं बदलतं पाणी, बदलता रंग, बदललेली भिंगं. मॉडेलला बेबीताईंच्या काचा ओळीने दाखवायच्या आणि शिकवायचं, की या एका माणसात जे जे बदलताना दिसतंय ते सगळं पाणी आणि रंग, जंतू नव्हे. मग त्या दिवशीची बाकी प्रत्येक काच त्या दिवशीच्या बेबीताईंशेजारी ठेवून बघायची. परदेशात शिकलेला गडी तीन आठवड्यांत निळ्या काचेला घाबरेनासा झाला.

बेबीताई त्याच्याकडे कौतुकाने बघू लागल्या. "आज टँकर हाय बरं का," असं पडद्याला सांगून कामाला लागत. डबा उघडला की माझ्यापुढे सुकटीची चटणी सरकवत. मी यशाने फुगलो. डॉक्टरांनी परीक्षेसाठी पन्नास काचा बाजूला काढल्या होत्या. त्यांची उत्तरं त्यांच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. परीक्षेला दहा दिवस होते.

आणि मॉडेलने हट्ट धरला. एका जुन्या पेटीतली एक बिननंबरी काच. मॉडेल म्हणे, हिच्यात जंतू आहे. मी म्हणे, शक्य नाही, बिननंबरी म्हणजे बेबीताई, बेबीताई म्हणजे निरोगी. नियम मीच केला होता. ते ऐकेना. मी तीच काच त्याला पुन्हा पुन्हा दाखवली, दर वेळी खाली 'जंतू नाही' असं लिहून. चार दिवस. शेवटी ते मुकाट्याने 'नाही' म्हणायला लागलं. मी म्हटलं, जिरली.

परीक्षेत मॉडेल तीन काचांवर चुकलं. तिन्हींत जंतू होता आणि तिन्हींना ते 'नाही' म्हणालं. डॉक्टरांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. "नसलेला जंतू दाखवला असता तर मी दुसऱ्यांदा पाहिलं असतं," ते म्हणाले. "असलेला सोडला तर माणूस घरी जातो. म्हात्रेबाईंचा शेवटचा आठवडा आहे. मोठ्या लॅबला पत्र टाकतो मी."

बेबीताई दारात उभ्या होत्या. खाली आलो तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली. "परवापर्यंत बरा चालला होता. तू त्याला काय केलंस?"

मी त्या काचेची गोष्ट सांगितली. जरा फुशारकीनेच, चार दिवस झगडून त्याचा हट्ट मोडला म्हणून.

"आन ती काच."

त्यांनी काच मायक्रोस्कोपखाली घेतली. बघून झालं. परत बघितलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, पदर तोंडाला लावून.

"अरे, ह्या दिवशी मना होता!"

"काय?"

"मलेरिया! मनाच. सकाळपासून अंग मोडून आलेलं. पहिली काच लावली तर ह्यो बसलाय आत. म्हटलं, आता घरी गेले तर बाकीच्या काचा कोन बगनार? सगळ्या बगितल्या. मग वर गेले. डॉक्टर बोलले, किती पॉझिटिव्ह? मी बोलले, एक. बोलले, कोन? बोलले, मी. डॉक्टरांनी खुर्ची दिली, पहिल्यांदा." हसू ओसरलं तशा त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "बिचारा बरोबर सांगत होता. चार दिवस उगाच दटावलास त्याला. आता तो खऱ्यालाही 'नाय' बोलंल नाय तर काय?"

तीस वर्षांत त्यांच्या रक्ताचा एकच दिवस चुकीचा ठरला, आणि तो मी ठरवला होता.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. माझे चार दिवस पुसले, मॉडेल आधीच्या जागी नेलं, आणि बिननंबरी काचाही बेबीताईंनी डोळ्यांखालून घातल्याशिवाय निरोगी धरायच्या नाहीत असं ठरलं. त्यांनी त्या आठवड्यात डोळे चुरचुरत असतानाही दर वर्षाच्या दहा-बारा निवडून त्या पाहिल्या. त्यांच्याच तीस वर्षांच्या सकाळी, एकामागून एक. मध्येच एखाद्या काचेशी थांबत, काहीतरी आठवल्यासारखं करत, आणि पुढे जात. डॉक्टरांना त्यांनी स्वतः जिना चढून सांगितलं, "पत्र टाकू नका. चुकीचं शिकवलं होतं इंजिनेरने, पोरगं हुशार हाय." डॉक्टरांनी नव्या पन्नास काचा काढल्या. मॉडेलने एकही जंतू सोडला नाही. सहा काचांना 'ठरत नाही' म्हणालं. बेबीताईंनी त्या सहाही उचलल्या आणि बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात ठेवल्या.

"चहानंतर," त्या म्हणाल्या.

ओटा राहिला. स्नेहल रंग घालणार, यंत्र बघणार, झाकणातल्या काचा डॉक्टर बघणार.

शेवटच्या दिवशी सकाळीच गुच्छ आला होता, शिपायाने फुगे लावले होते. बेबीताईंनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. स्नेहललाही चाखायला लावलं. "कसं लागतं?"

"पाण्यासारखं," ती म्हणाली.

"लागंल हळूहळू." आत येऊन त्यांनी सुई फोडली. मी सवयीने खिडकीबाहेर बघू लागलो. तेवढ्यात माझं मनगट धरलं गेलं.

"ताई, मी नको. स्नेहल आहे ना..."

"स्नेहलची उद्यापासून. आज तुजी. त्या दोन पेट्यांची भरपाई."

सुई कधी टोचली ते मला कळलं नाही, कारण मी डोळे मिटून खाली बसलो होतो. डोळे उघडले तेव्हा माझा थेंब काचेवर पसरलेला होता आणि त्यावर त्या रंग घालत होत्या. काच धुतली, वाळवली, मायक्रोस्कोपखाली धरली. बघितलं. परत बघितलं.

"निरोगी हाय," त्या स्नेहलला म्हणाल्या. "घाबरट हाय, पन ते ह्यात दिसत नाय." आणि काच पहिल्या खाचेत ठेवली.

संध्याकाळी निघाल्या. पिशवीत गुच्छ उलटा खोचलेला, डबा, छत्री. गावठाणाच्या गल्लीत वळेपर्यंत मी पायरीवर उभा राहून बघत होतो. मागे वळल्या नाहीत. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा करंगळीशेजारच्या बोटावर घट्ट दाबलेला होता, रोज असायचा तसा. त्या दिवशी त्यांनी स्वतःला टोचलंच नव्हतं.